भूकंप झाला की मिशनरी नळापाशी आणि मुलांपाशीच का दिसतात: थोडी मागची गोष्ट

कुठेही मोठा भूकंप झाला की आठवड्याभरात दोन फोटो फिरायला लागतात. एकात तोट्या लावलेली टाकी आणि तिच्यापुढे बादल्या-कळश्या घेऊन लाइनीत उभ्या बायका, दुसऱ्यात तंबूत चटईवर बसवलेली मुलं, आणि दोन्हीत मागे कुणाच्या तरी टी-शर्टवर क्रॉस. मग आमच्या बडोद्यात लगेच दोन पार्ट्या पडतात. दांडिया बाजारातल्या आमच्या काकांचं ठरलेलं वाक्य, "पाणी-बिणी सगळं निमित्त, मुलं हवीयत त्यांना", आणि फतेगंजात राहणारी माझी ख्रिस्ती कलीग म्हणते की तुमच्यातलं कोण गेलं होतं पहिल्या दोन दिवसांत ते सांगा आधी. दोघांचं ऐकून ऐकून माझं असं मत झालंय की हे दोघं एकाच गोष्टीवर भांडतच नाहीयेत. पाणी देणं आणि अनाथ मुलं सांभाळणं ही दोन कामं मिशनरींच्या इतिहासात वेगवेगळ्या वाटांनी आली, पाण्याच्या कामातल्या चुका दुरुस्त होण्यासारख्या होत्या आणि होत गेल्या, मुलांच्या कामात मात्र घोळ पहिल्या दिवसापासून आहे. आणि या गोष्टीचा बराचसा भाग हैती-नेपाळमधून नाही तर आपल्या गुजरात-महाराष्ट्रातूनच जातो, म्हणून ती नीट लावून बघावी म्हटलं.

सुरुवात भूकंपापासून होत नाही, दुष्काळापासून होते. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा छप्पनियो. गुजरातेत अजूनही कुणी हावरटासारखं खाल्लं तर छप्पनियातून आलास का असं विचारणारी माणसं भेटतात. बडोदा संस्थानाची लोकसंख्या १८९१ ला २४ लाख १५ हजार होती, १९०१ च्या खानेसुमारीत ती १९ लाख ५२ हजारांवर आली, म्हणजे दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी साडेचार लाखांच्या वर घट. सगळे काही मेले नाहीत, कितीतरी गावं सोडून गेले, पण भूक आणि तिच्या पाठोपाठ आलेला कॉलरा यांनी मोठा हात मारला. सयाजीराव महाराज तेव्हा स्वतः तालुक्या-तालुक्यातून फिरले आणि त्या दौऱ्याच्या नोंदी १९०१ मध्ये छापूनही काढल्या, इतकं करणारे संस्थानिक तेव्हा फार नव्हते.

मिशनरी लोक तोपर्यंत गुजरातेत नवे राहिलेले नव्हते. आयरिश प्रेस्बिटेरियन मंडळी १८४१ पासून काठियावाडात होती, नंतर सुरत-आणंद-बोरसदकडे पसरली, मेथडिस्ट बडोद्याच्या कॅम्पात, म्हणजे आजच्या फतेगंजात, साल्व्हेशन आर्मी खेडा-आणंद भागात. दुष्काळ पडला तेव्हा यांच्याकडे तीन गोष्टी तयार होत्या ज्या दुसऱ्या कुणाकडे एकत्र नव्हत्या: गावातली ओळख, दवाखाना आणि परदेशातून येणारा पैसा. न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन हेरल्ड नावाच्या साप्ताहिकाने १९०० मध्ये वाचकांकडून वर्गणी काढून क्विटो नावाच्या जहाजातून मुंबईला मका पाठवला होता, आणि याच साप्ताहिकातून हिंदुस्थानातल्या दुष्काळी मुलांचे हाडं दिसणारे फोटो छापून एकेका मुलाचा वर्षाचा खर्च उचला असं आवाहन केलं जायचं. आज टीव्हीवर अमुक रुपयांत एका मुलाचं शिक्षण अशी जाहिरात लागते ना, तिचे आजोबा-पणजोबा इथे सापडतात.

आता मुलांचं कसं होतं बघा. आईबाप गेलेलं किंवा आईबापांनीच नाइलाजाने सोडलेलं मूल स्टेशनवर, सरकारी पुअरहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या छावणीत, नाहीतर रस्त्याच्या कडेला मिळायचं. नातेवाईक सापडले तर ठीक, नाहीतर जो अनाथाश्रम घेईल त्याच्याकडे, आणि घेणारे बहुतेक मिशनवालेच. त्या मुलाला खायला मिळालं, शाळा मिळाली, सुतारकी-विणकाम शिकायला मिळालं आणि सोबत बाप्तिस्माही. म्हणजे बळजबरी झाली की नाही हा प्रश्नच तिथे नीट विचारता येत नाही, पाच वर्षांच्या पोराला कसली बळजबरी आणि कसली संमती. बडोदा संस्थानात १८९१ ला ख्रिस्ती लोक काही शेकडे होते, ते १९०१ ला सात हजारांच्या वर गेले. तेवढ्यात सगळ्या प्रजेची संख्या खाली आलेली. हा आकडा बघितला की काकांच्या वाक्याला कुठून बळ मिळतं ते कळतं, पण हेही बघायला पाहिजे की ती मुलं घ्यायला दुसरं कोण उभं होतं.

दुसरं कोण, तर एक होत्या पंडिता रमाबाई, आणि त्या दोन्ही बाजूंना अडचणीच्या वाटतात म्हणून त्यांच्यावर जरा जास्त लिहितो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण हे सगळे १८७० च्या दशकातल्या दुष्काळात फिरता फिरता गेले, पोटात अन्न नसताना संस्कृत श्लोक म्हणत भटकणं काय असतं हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे पुण्याला नेलं, तिथे विद्यार्थिनी ख्रिस्ती व्हायला लागल्या यावरून मोठा गदारोळ झाला आणि बरेच हिंदू पाठीराखे बाजूला झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तिथली पुअरहाउसं बघितली, आणि शेकडो मुली घेऊन केडगावला आल्या. मग छप्पनियात त्यांच्या बायका, म्हणजे आधीच्या दुष्काळात वाचलेल्या मुलीच आता मोठ्या झालेल्या, गुजरातेत गावोगाव फिरल्या आणि हजाराच्या वर मुली-बायका घेऊन परतल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्या सुमाराला दोन हजारांच्या आसपास माणूस होतं.

दोन हजार माणसं आणि पुणे जिल्ह्याचा तो कोरडा पट्टा. म्हणून रमाबाईंनी तिथे आधी विहिरी खोदल्या. शेती, फळबाग, तेलाचा घाणा, विणकाम, छापखाना हे सगळं नंतर त्या पाण्यावर उभं राहिलं. मिशनच्या इतिहासात पाणी आणि अनाथ मुलं ही जोडी मला इतकी स्पष्ट पहिल्यांदा इथे दिसते, आणि ती कुठल्या परदेशी साहेबाने नाही तर एका मराठी बाईने लावलेली आहे. पैशाची पद्धत मात्र त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरकडून उचलली. या म्युलरने १८३६ पासून हजारो अनाथ मुलं सांभाळली, ती कुणाकडे हात न पसरता फक्त प्रार्थनेवर, असं तो सांगायचा. अर्थात त्याचे वार्षिक रिपोर्ट छापून सगळीकडे जायचे, त्यामुळे हात न पसरता म्हणजे नेमकं काय ते तुम्ही ठरवा. असो.

या सगळ्याला उत्तर म्हणून हिंदू अनाथालयं निघाली हा भाग लोक विसरतात. लाला लजपतरायांनी १८९७ आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळात हिंदू अनाथ मुलांसाठी मोहीम चालवली, आर्य समाजाचे लोक राजपुताना-मध्य प्रांत-काठियावाडात जाऊन मुलं पंजाबात आणायचे, आणि १९०१ च्या फॅमिन कमिशनपुढे, म्हणजे सरकारी दुष्काळ आयोगापुढे, लजपतरायांनी साक्ष देताना हाच मुद्दा मांडला की मुलं आधी त्यांच्या समाजाकडे जावीत. म्हणजे मुलांसाठी रस्सीखेच सुरू झाली ती इथे. मग ४ एप्रिल १९०५ ला कांगड्याचा भूकंप झाला, वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथे चर्च मिशनरी सोसायटीची माणसंही ढिगाऱ्याखाली सापडली, धरमशाळेच्या सेंट जॉन चर्चचा मनोरा पडला तो परत बांधलाच नाही, आणि लाहोरहून आर्य समाजाची मदत घेऊन लजपतराय तिथे पोचले. दुष्काळात शिकलेलं सगळं आता भूकंपात वापरायला लागले, दोन्हीकडचे.

बडोद्याचा धागा इथेही आहे. सयाजीरावांनी १९०८ मध्ये आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांना बोलावून अस्पृश्य मुलांच्या शाळा आणि बोर्डिंगांचं काम त्यांच्याकडे दिलं. मिशन शाळा काढतंय, तर आपणही काढू, असा सरळ हिशेब. मला तरी ही स्पर्धा झाली ते चांगलंच वाटतं, पोरांच्या ताटात दोन्हीकडून काहीतरी पडलं.

पाण्याची गोष्ट मात्र वेगळ्या रस्त्याने चालली होती, आणि तिच्यात देव-धर्म फारसा नव्हता. लंडनच्या चेल्सीत जेम्स सिम्प्सनने १८२९ मध्ये वाळूतून सावकाश पाणी गाळायची टाकी बांधली, १८५४ मध्ये जॉन स्नोने ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर कॉलऱ्याचं खापर फोडलं, १९०८ मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीचं सगळं पाणी क्लोरीन घालून द्यायला लागले. बडोद्याला १८९२ पासून आजवा तलावाचं पाणी नळाने येत होतं, ते काम जगन्नाथ सदाशिव या आपल्याच इंजिनिअरचं. म्हणजे शहरात पाणी हा राज्याचा विषय झाला. मिशनवाले पाण्याकडे वळले ते खेड्यात, दवाखान्यामुळे. तोच पेशंट जुलाब घेऊन चौथ्यांदा आला की डॉक्टर शेवटी त्याची विहीर बघायला जातो.

भूकंपात पाणी पहिल्यांदा मोठा विषय झालं ते १५ जानेवारी १९३४ च्या बिहारमध्ये. जमीन फाटून आतली वाळू आणि पाणी वर आलं, मुझफ्फरपूर-दरभंग्याकडे शेतंच्या शेतं वाळूखाली आणि विहिरी काठापर्यंत वाळूने बुजलेल्या. घर पडलं तर झाडाखाली झोपता येतं, पण विहीर बुजली तर माणूस करणार काय. राजेंद्र प्रसाद तुरुंगातून सुटले ते थेट या कामात, आणि विहिरी उपसणं हे मदत समितीच्या पहिल्या कामांपैकी एक. दीनबंधू सी. एफ. अँड्रूज, जे मुळात मिशनरी म्हणूनच हिंदुस्थानात आले होते, त्यांनी इंग्लंडमध्ये फिरून या भूकंपासाठी पैसा उभा केला. स्वित्झर्लंडचा पिएर सेरेसोल नावाचा ख्रिस्ती शांततावादी इंजिनिअर युरोपातली मूठभर माणसं घेऊन आला आणि त्यांनी गावकऱ्यांबरोबर फावडी घेऊन गावं उभी केली, कुणाचा धर्म न विचारता. याच भूकंपात गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे आणि रवींद्रनाथांनी त्यांना जाहीरपणे खोडून काढलं. मला हे फार मजेशीर वाटतं की भूकंपात देवाला ओढायचं काम त्या वेळी गांधीजी करत होते आणि मिशनवाला वर्गणी गोळा करत होता. पुढच्याच वर्षी ३१ मे १९३५ ला क्वेट्टा पडलं, तिथे लष्कराने शहर बंद केलं, गांधीजी-राजेंद्रबाबूंनाही जाऊ दिलं नाही.

मराठी माणसाच्या डोक्यात भूकंप म्हणजे किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, विसर्जन करून लोक झोपलेले. तिथेही चर्चच्या संस्था होत्या, पण अनाथ मुलांचं जे काम आजपर्यंत नावाजलं जातं ते शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेचं, त्यांनी बाराशेच्या आसपास मुलं पुण्याला आणली आणि वाघोलीत त्यांच्या शिक्षणाची सोय केली. मूल बाहेर नेणं म्हणजे मिशनरीच करतात असं म्हणणाऱ्यांनी हे पण लक्षात ठेवावं, नेणारे सगळ्याच रंगाचे असतात, फरक पडतो तो मूल परत घरी येऊ शकतं की नाही याने.

किल्लारीच्या दुसऱ्या वर्षी, १९९४ मध्ये, जिनिव्हात रेडक्रॉस आणि मदत संस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली. तिच्यात साफ लिहिलंय की मदत कुठलाही राजकीय किंवा धार्मिक विचार पुढे रेटायला वापरायची नाही. ती तयार करणाऱ्या आठ संस्था-गटांमध्ये कारितास, कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड काउन्सिल ऑफ चर्चेस असे चार सरळसरळ ख्रिस्ती होते. हे कुणी सांगत नाही. पण त्याचबरोबर हेही खरं की छोटी-छोटी स्वतंत्र चर्चेस, जी चार मित्रांनी वर्गणी काढून विमानाची तिकिटं घेऊन येतात, त्यांनी या कागदावर कधी सही केलेली नसते, आणि नंतर वर्तमानपत्रात येतात ती बहुतेक करून तीच. १९९७ मध्ये स्फिअर नावाने मापं ठरवायचं काम सुरू झालं: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, एका नळावर २५० पेक्षा जास्त लोक नकोत, नळाच्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे. इथून पुढे पाणी देणारा चर्चचा असो की सरकारचा, त्याला मोजता यायला लागलं. मुलांच्या बाबतीत असं माप कुणाला बनवता आलं नाही.

मग आपला भूकंप. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. बडोद्यात आम्ही जुन्या वाड्याच्या जिन्यावरून चपला न घालता खाली पळालो, रावपुऱ्याच्या रस्त्यावर सगळं शहर लेंग्यात आणि गाउनमध्ये उभं होतं. पण खरा मार कच्छला. भचाऊ, अंजार, भुज, रापर. कच्छ आधीच दोन वर्षांच्या दुष्काळाने हैराण, पाणी बोअरचं आणि लांबून पाइपने येणारं, ते बोअरचे केसिंग वाकले, पाण्याच्या टाक्या आडव्या झाल्या, काही ठिकाणी होतं ते पाणी खारट झालं. आणि नर्मदेचं पाणी कच्छात पोचायला अजून दोन वर्षं होती.

आमचे तेच दांडिया बाजारवाले काका मंडळाच्या ट्रकमधून ब्लँकेट आणि थेपल्यांचे डबे घेऊन भचाऊला गेले होते. ते मूडमध्ये असले की सांगतात, तिथे रस्त्याच्या कडेला रबरी गादीसारखी भली मोठी टाकी जमिनीवर पसरलेली, तिला सहा तोट्या, आणि बाजूला दोन मल्याळी सिस्टर, मोडकं हिंदी बोलणाऱ्या, एकीच्या हातात काचेची छोटी नळी, तिच्यात पाणी घेऊन गोळी टाकायची आणि रंग बघायचा, रंग फिका आला की टँकरवाल्याला थांबवायचं. एका रबारी म्हातारीने घोट घेतला आणि थुंकून टाकला, म्हणे हे दवाखान्याचं पाणी, वास मारतंय. सिस्टरने तिच्यासमोर स्वतः ग्लासभर प्यायलं, मग काकांना दिलं, काकांनी पण प्यायलं. धर्मांतराबद्दल कुणी काही बोललं का, असं मी विचारलं तर काका म्हणाले, "छे रे, तिला बोलायला वेळ कुठे होता, टँकर येत होते ना." तरी त्यांचं ते वाक्य काही बदललेलं नाही!

त्या वासावरून आठवलं, विहिरीत क्लोरीन टाकायची आपली देशी पद्धत फार हुशारीची आहे आणि ती नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने सुधारली. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नुसती ओतली तर पहिल्या दिवशी पाणी तोंडात धरवत नाही आणि चौथ्या दिवशी काहीच उरत नाही. म्हणून एका मडक्यात एक किलो टीसीएल आणि दोन किलो जाडी वाळू ओलसर कालवून भरायची, मडक्याला एक सेंटिमीटरचं भोक, ते मडकं दुसऱ्या मडक्यात ठेवायचं, त्यालाही भोक, तोंड बांधायचं आणि विहिरीत पाण्याखाली सोडून द्यायचं, क्लोरीन हळूहळू झिरपत राहतो, घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे पुरतं. मिशन दवाखान्यांपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळे हेच करतात आणि खर्च जवळपास शून्य.

कच्छात मुलांबद्दल वातावरण मात्र गरम होतं आणि त्याला कारण होतं. १९९८ च्या नाताळात डांगमध्ये चर्च आणि प्रार्थनाघरांवर हल्ले झाले होते, जानेवारी १९९९ मध्ये वाजपेयी तिथे जाऊन धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असं म्हणून आले होते, दोन वर्षांनी भूकंप. त्यामुळे कुठलीही ख्रिस्ती संस्था अनाथाश्रम काढते म्हटलं की कान टवकारायचे. पण कच्छात अनाथांइतकाच, कदाचित जास्तच, उलटा प्रश्न होता. अंजारला प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी अरुंद गल्लीतून जात होती आणि दोन्हीकडची घरं तिच्यावर कोसळली, १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. म्हणजे गावात आईबाप उरले आणि पोरं नव्हती. अशा ठिकाणी बाहेरून येऊन अनाथाश्रम बांधतो म्हणणाऱ्याला गाव काय समजणार? पुढे २००३ मध्ये गुजरातने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला, त्यात आमिष आणि बळजबरीचं धर्मांतर हा गुन्हा ठरला.

याच्या बाजूला दुसरा एक कायदा शांतपणे आला होता आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. हिंदूंना १९५६ च्या कायद्याने दत्तक घेता येतं, ख्रिश्चनांना तसा कायदाच नव्हता, त्यांना १८९० च्या कायद्याखाली फक्त पालक नेमून घेता यायचं, मूल कायद्याने त्यांचं होतच नव्हतं. मिशनने घरात मुलं वाढवण्याऐवजी शंभर-शंभर मुलांचे आश्रमच का काढले याचं एक कारण हे पण आहे. बाल न्याय कायदा, जो भूकंपानंतर दोनच महिन्यांनी १ एप्रिल २००१ ला लागू झाला, त्याने आणि त्याच्या २००६ च्या दुरुस्तीने धर्म न बघता दत्तक घ्यायची वाट उघडली.

बाहेरच्या देशात मात्र जुनीच गोष्ट चालू राहिली. २००४ च्या त्सुनामीनंतर अमेरिकेच्या व्हर्जिनियातल्या एका मिशनरी संस्थेने इंडोनेशियातल्या आचेह प्रांतातली ३०० मुस्लिम अनाथ मुलं जकार्तात ख्रिस्ती आश्रमात ठेवायचा बेत जाहीर केला, बोंबाबोंब झाल्यावर सोडून दिला, तोपर्यंत इंडोनेशियाने मुलं बाहेर न्यायला बंदी केलेली होती. मग १२ जानेवारी २०१० ला हैती. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या पश्चिमेला लेओगानजवळ, ७ रिश्टर, राजधानी अर्धी मातीत. १७ दिवसांनी, २९ जानेवारीला, अमेरिकेतले दहा बाप्टिस्ट स्वयंसेवक ३३ मुलांना बसमध्ये घालून डोमिनिकन रिपब्लिकच्या हद्दीवर पकडले गेले, कागद कुठलेच नाहीत. अनाथ मुलं वाचवतोय असं त्यांचं म्हणणं. चौकशीत निघालं की बहुतेकांचे आईबाप जिवंत आहेत, त्यांनीच मुलं सोपवली होती, कारण त्यांना सांगितलं होतं शाळा मिळेल, स्विमिंग पूल असेल, भेटायला येता येईल. ती मुलं मग एसओएस बालग्रामात ठेवली आणि नंतर घरी गेली. दहापैकी नऊ जणांवरचे आरोप सुटले, म्होरक्या बाईला मे महिन्यात बेकायदा प्रवास घडवल्याबद्दल शिक्षा झाली, ती तुरुंगात काढलेल्या दिवसांतच वळती झाली.

छप्पनियातल्या स्टेशनवरच्या बाईनेही मूल असंच सोपवलं असणार. गरिबाने मूल दिलं म्हणजे ते अनाथ झालं असं धरून चालणं, ही चूक शंभर वर्षं जशीच्या तशी चालत आली. हैतीतल्या आश्रमांतल्या मुलांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांचा एक तरी पालक जिवंत असतो असा युनिसेफवाल्यांचा अंदाज वर्षानुवर्षं सांगितला जातो.

आणि त्याच हैतीत पाण्याचं काम बघा. ऑक्टोबर २०१० मध्ये आर्तिबोनित नदीच्या काठाने कॉलरा सुटला, जवळजवळ आठ लाख लोकांना झाला, दहा हजारांच्या आसपास गेले. तो आणला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळाच्या सांडपाण्याने, हे मान्य करून माफी मागायला २०१६ उजाडलं. म्हणजे पाणी घाण केलं सगळ्यात मोठ्या आणि धर्माशी काही संबंध नसलेल्या संस्थेने, आणि साफ करायला जे उतरले त्यांत चर्चच्या कितीतरी संस्था होत्या. त्यांच्या हातात एक चांगलं हत्यार होतं, बायोसँड फिल्टर. कॅनडाच्या कॅलगरी विद्यापीठातल्या डेव्हिड मान्झने १९९० च्या दशकात सिम्प्सनची ती लंडनची टाकी घरात मावेल एवढी केली, कमरेएवढा सिमेंटचा डबा, आत वाळू आणि खडी, वरून पाणी ओतायचं, वाळूच्या वरच्या थरात जिवाणूंची साय धरते आणि तीच रोगजंतू खाते. सॅमॅरिटन्स पर्स या ख्रिस्ती संस्थेने तो जगभर लाखांच्या घरात पोचवला. साय धरायला दोन-तीन आठवडे लागतात आणि रोज पाणी ओतलं नाही तर ती मरते, त्यामुळे ऐन साथीत तो उपयोगाचा नाही, तिथे क्लोरीनच लागतो, पण साथ गेल्यावर वर्षानुवर्षं चालतो. त्याला वीज नको, पार्ट नकोत, आणि तो चर्चचा माणूस परत आला नाही तरी त्याचं काही अडत नाही.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळ हललं तेव्हा तिथल्या सरकारने हैतीचा धडा घेतला होता, मुलं आईबापांशिवाय किंवा परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी, परदेशी दत्तक बंद, नवे आश्रम बंद. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या सुमाराला आश्रमांसाठी मुलं गोळा करण्याला गुलामगिरीच्या प्रश्नात धरलं. आता अमेरिकेतल्या चर्चेसमध्येही असे गट आहेत जे सांगतात की आश्रमाला देता तोच पैसा मुलाच्या मावशीला, आजीला द्या. काकांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही, आणि माझ्या कलीगला आवडत नाही, कारण तिची आजी अशाच एका आश्रमात वाढून नर्स झाली होती. तिचंही बरोबर आहे, तो आश्रम नसता तर आजी नसती.

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने हे बरंचसं बांधून टाकलंय. भूकंपात एखादं एकटं मूल कुणालाही सापडलं, सिस्टरला सापडो की स्वयंसेवकाला की आमच्या मंडळाच्या ट्रकवाल्याला, चोवीस तासांत कळवून ते बालकल्याण समितीपुढे न्यायचं, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही, आणि नोंदणी न करता आश्रम चालवला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड. समिती आधी आजी-मामा-काका शोधते, आश्रम सगळ्यात शेवटी. त्यामुळे उद्या कच्छात परत काही झालंच तर फतेगंजातून निघणारा टेम्पो टाक्या, तोट्या आणि टीसीएलची पोती घेऊन जाईल, मुलांना हात लावायच्या आधी त्याला जिल्ह्याच्या ऑफिसात उभं राहावं लागेल, आणि दांडिया बाजारातून निघणाऱ्या ट्रकलाही.